भीमायचा पहिला घोट

रोडपालीच्या दयारामला एक अशी विद्या येत होती, जी पनवेलपासून उरणपर्यंत दुसऱ्या कुणाला येत नव्हती आणि जिचा गावात काडीचा उपयोग नव्हता. लढाईच्या दिवसांत तीन वर्षं तो मुंबईला अमेरिकन साहेबांच्या मेसमध्ये दारू मिसळायच्या कामावर होता. बाप मिठागरावर मीठ ओढायचा, आजा मीठ ओढायचा, आणि हा गडी पांढरा कोट घालून बाटल्या पुसायचा. तिथला कप्तान मान वाकडी करून, नाकातून म्हणायचा, "डेऽराम, एक बूंड नई गिरना माँगटा." तेवढं एक वाक्य बोलून दाखवायला गावातली माणसं दयारामला अजून चहा पाजत.

सेहेचाळीस सालच्या माघात मेस बंद व्हायला आली. त्याच आठवड्यात निरोप आला, की बायको मालू मोकळी झाली, मुलगी आहे, पण लवकर ये. दयाराम निघाला तेव्हा कप्तानाने त्याच्या हातात एक अर्धी बाटली ठेवली. बर्बन. मक्याची दारू.

घरी आल्यावर काय घडलं होतं ते कळलं. पोर पायाकडून आलेलं. भीमाबाई सुईण दोन दिवस मालूच्या उशापायथ्याशी बसून होती. जेवली नाही, पाठ टेकली नाही. दोघी वाचल्या. दयाराम तिच्या पायावर डोकं ठेवायला गेला, तर म्हातारी पाय मागे घेत म्हणाली, "उठ रं. मी काय देव हाय?"

सगळं गाव तिला भीमाय म्हणायचं. बाळंतपण नीट झालं की पाचवीला, सटवाईची पूजा झाल्यावर, सुईणीला मानाचा पहिला पेला द्यायची रीत. भीमाय तो हक्काने घ्यायची, वर "पातळ हाय" असं ऐकवायची. फक्त दयारामच्या घरात ती दारूच काय, पाण्याचा थेंबही घेत नसे. सव्वीस वर्षांपूर्वी दयाराम झाला त्या पहाटे त्याची आई जनी तिच्या हातात गेली होती. तेव्हा भीमाय उंबऱ्यावर म्हणाली होती, की ह्या घरात मी तोंड ओलं करणार नाय. पुढे त्याच पोराला कडेवर घेऊन दारोदार फिरली, ज्या बाईला दूध असेल तिच्याकडे पाजून आणला. पण शब्द मोडला नाही. जनीचं नावही ह्या घरात पुन्हा काढलं नाही.

दयारामने ठरवलं, पाचवीला भीमाय आपल्या हातचं पिऊन जाईल. नाही प्यायली, तर तिचे उपकार मानायचे राहिले ते जन्माचे राहिले.

"गावठी पाज," काशिराम म्हणाला. हा त्याचा मित्र, पुण्याच्या ट्रकात मासळी भरायचा धंदा. "म्हातारीला साहेबाचं काय कळतंय?"

"गावठी तिला सगलीच पाजतान. मना माज्या कामातला काय तरी द्याचा हाय."

मुंबईहून आणलेली कॉफीची पूड त्याने दाट काढली, काळी, डांबरासारखी. रेशनची साखर घरात होती तेवढी सगळी ओतली. मालू आतून ओरडली, "मंग चहात काय घालाल, मीठ?" त्या काढ्यात काशिरामनेच आणलेली चांगली गावठी मिसळून बाटली दोन दिवस तांदळात पुरून ठेवली. झाली कॉफीची गोड दारू. तेलाचं छटाकाचं माप राखेने घासलं, हॉटेलातून एक काचेचा ग्लास उसना आणला. राहिला बर्फ. तो काशिरामने गोणपाटात बांधून आणला.

पाचवीच्या संध्याकाळी पूजा झाली. बायका भिंतीला टेकून बसल्या. दयारामने पाटावर बाटल्या मांडल्या आणि मान वाकडी करून, कप्तानाच्या नाकातून म्हणाला, "एक बूंड नई गिरना माँगटा." सगळे हसले. भीमायने तोंडाला पदर लावला, म्हणजे तीही हसली.

बर्फाचे तीन खडे. त्यावर बर्बन एक माप, कॉफीची अर्धं. हलवायचं नाही, चमच्याने सावकाश फिरवायचं. वर लिंबाची साल पिळून टाकली. हात असा स्थिर, की पाटावर ओल म्हणून दिसली नाही.

ग्लास दोन्ही हातांनी त्याने तिच्यापुढे धरला. "भीमाय, नाय म्हणू नको."

तिने तो घेतला. म्हातारीने ग्लास नाकाशी नेला, हुंगला, पुन्हा हुंगला.

"काशिराम," ती म्हणाली, "बरफ कनचा रं?"

"पापलेटाच्या पेटीतला. धुतलाय की."

"साहेबाची दारू आन् तोंडी लावायला म्हावरां, एकाच ग्लासात. चांगली सोय हाय."

बायका लोळायच्या बाकी राहिल्या. दयारामचे कान लाल झाले. तो ग्लास परत घ्यायला पुढे झाला, तर तिने दिला नाही. ती पाटाकडे बघत होती.

"जमीन कोरडी कशी?"

त्याला कळेना.

"पयला थेंब कुनाला दिलास?"

मग दयारामच्या लक्षात आलं. पिण्याआधी तीन थेंब जमिनीवर, घरच्या गेलेल्या माणसांसाठी. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तीन वर्षं थेंब सांडू न देण्यात गेली आणि हात तेवढंच शिकला. ह्या घरात तो थेंब पहिल्यांदा कुणाचा, हेही सगळ्यांना माहीत होतं.

त्याने बोट पुढे केलं. ग्लासाच्या काठाशी नेऊन मागे घेतलं.

"तूच दे, भीमाय," तो म्हणाला. "तिच्याजवल शेवटी तूच होतीस."

भीमायने ग्लास मांडीशी धरला. मग तिने तीन बोटं ग्लासात बुडवली आणि सारवलेल्या जमिनीवर शिंपडली.

"घे गं जने. तुजी सून उटली. तुजी नात तुज्यासारखीच बोंबलते. आता मना पिऊ दे."

ती प्यायली. ग्लास खाली ठेवला.

"कडू हाय," ती म्हणाली. "गोड हाय. आन् म्हावरां हाय." पदराने तोंड पुसलं. "पातळ नाय पन. आता पानी दे."

दयाराम उठायच्या आत मालू भिंतीला धरून आपल्या पायांवर उभी राहिली होती. "सुईनीला कसला आलाय विटाळ," म्हणत तिनेच तांब्या पुढे केला.

त्यानंतर भीमाय त्या वाटेने कधी तहानलेली गेली नाही. येता-जाता ओटीवर बसायची, तांब्या रिकामा करायची आणि दर वेळी म्हणायची, "तुमच्या घरचं पानी मचूळ हाय रं दयाराम." आणि मग आणखी एक तांब्या मागायची.