फौजदारांच्या मेनूतली अनोळखी ओळ

आमच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात त्यांना सगळे फौजदार म्हणायचे. पोलिसात ते कधीच नव्हते. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही अशा सभासदांसाठी आमच्याकडे पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात, आणि त्या मुद्रणातला खोकला, खुर्चीची करकर, पानांची सळसळ काढून टाकायचं काम फौजदारांकडे होतं. पण माणसाकडे बघायचेच असे, की समोरच्याने न केलेला गुन्हासुद्धा कबूल करून टाकावा. मी देवघेवीच्या टेबलावर बसते. माझ्याकडे ग्रंथालयाची दुसरी किल्ली असते, तेवढ्यावरून मी त्यांच्या लेखी कायमची संशयित होते, आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा.

संध्याकाळी दार लावलं की ते कुलूप ओढून बघायचे, जिना उतरायचे, आणि अर्ध्यावरून परत वर येऊन पुन्हा ओढायचे. लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ते दुसऱ्या औषधवाल्याला दाखवून आणायचे. सकाळी मी चहा पुढे केला तर आधी वास घ्यायचे. अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय असेल, असं मी एकदा बाईंना विचारलंही होतं. बाई म्हणजे त्यांची बायको, आमच्यासाठी पुस्तकं वाचून देणाऱ्यांत सर्वांत जुन्या. त्या हसून म्हणाल्या, निदान दार उघडं राहिलं का याची काळजी मला कधी करावी लागली नाही.

दोघांचं काम समोरासमोर चालायचं. काचेच्या आत बाई माइकसमोर वाचत असायच्या, काचेबाहेर फौजदार कानाला हेडफोन लावून संगणकावर आदल्या दिवशीचं मुद्रण साफ करत. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे. संगणक त्यांनी चाळिशी उलटल्यावर शिकून घेतला, तोही संशयापोटी. एका विकतच्या प्रोग्रॅमने बाईंनी वाचलेलं अख्खं प्रकरण गिळून टाकलं, तेव्हापासून तयार प्रोग्रॅम म्हणजे त्यांना घरात घेतलेला चोर वाटायला लागला. मग ते स्वतःच छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांच्या याद्या, लिहू लागले. फाइलवर माउसचं उजवं बटण दाबलं की जो मेनू उघडतो, त्यात त्यांनी आपल्या स्क्रिप्टच्या ओळी बसवल्या होत्या. ‘आवाज सारखा कर’, ‘खोकला शोध’, ‘नाव दे’. फाइल निवडायची, ओळ दाबायची, की काम झालं. झालं म्हणजे काय, त्यांची प्रत्येक स्क्रिप्ट आधी विचारायची, ‘नक्की?’ हो म्हटलं की पुन्हा विचारायची, ‘खरंच नक्की?’ त्यांच्या संगणकाला कधी हात लावला तर मी वैतागून जायचे. एवढंही पुरेसं नव्हतं म्हणून त्यांनी सगळ्या स्क्रिप्टच्या पुढे एक राखणदार स्क्रिप्ट बसवली होती. मेनूतून काहीही चालवलं की ती आधी मूळ फाइलची प्रत एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची. हे फक्त त्यांना ठाऊक होतं. बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

त्या सुमारास ग्रंथालयात संगणकी आवाजाचा विक्रेता येऊन गेला होता. त्याच्या यंत्राने न थांबता, न खोकता एक पान वाचून दाखवलं. व्यवस्थापक खूश झाले. बाईंनी ते ऐकलं आणि काचेच्या आत जाऊन बसल्या. त्या एक जाडजूड कादंबरी वाचत होत्या, दीपगृहाच्या राखणदाराची. ती संपेपर्यंत तरी आपली खुर्ची राहील ना, एवढंच त्यांनी नंतर मला विचारलं. मी म्हटलं, तुमची खुर्ची कोण हलवणार. पण माझ्याच बोलण्यावर माझा भरवसा नव्हता.

आणि एका सकाळी फौजदारांनी उजवं बटण दाबलं, तर मेनूत एक ओळ जास्तीची. ‘नीट कर’.

स्वतःच्या घराच्या दारात परक्याचे जोडे दिसावेत तसे ते त्या ओळीकडे बघत राहिले. मग मला हाक मारली. उलटतपासणी सुरू झाली. किल्ली कुठे असते, काल दार कोणी लावलं, व्यवस्थापक आत आले होते का, तो विक्रेता परत आला होता का. मी म्हटलं, अहो, मला माझ्या फोनचा गजर लावता येत नाही, मी कसली स्क्रिप्ट लिहिणार. यावर ते म्हणाले की येत नाही असं सांगणारी माणसंच जास्त धोक्याची असतात. मी दोन दिवस त्यांना चहा दिला नाही.

त्यांनी ती स्क्रिप्ट उघडून वाचली. ती फाइलमधल्या मोठ्या शांतता शोधून कापायची आणि मुद्रण जोडून द्यायची. एकदाही ‘नक्की?’ विचारायची नाही. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हे बाहेरच्या माणसाचं काम आहे. कोणीतरी बाईंचा आवाज न थांबणारा, सपाट करून नेतोय, त्यावरून यंत्राला शिकवणार आणि मग बाईंना घरी बसवणार. हे ऐकून माझाही राग उतरला, कारण मलाही ते खरं वाटलं. व्यवस्थापक हल्ली फारच गोड बोलत होते.

फौजदारांनी सापळा लावला. कोणी ‘नीट कर’ दाबलं की माझ्या टेबलावरचा संगणक टिंग करणार. ते दातांच्या डॉक्टरांकडे जातो म्हणून बाहेर पडणार. टिंग झालं की मी उठून जायचं आणि खुर्चीवर कोण आहे ते बघायचं.

ते गेले. मी एका सभासदाला पुस्तक देत होते. टिंग झालं. सभासदाला तिथेच थांबायला सांगून मी आत गेले.

खुर्चीवर बाई होत्या. चष्मा कपाळावर, हात माउसवर, तोंडाने हळूहळू मेनूतली ओळ वाचत. मला बघून दचकल्या नाहीत, फक्त दमल्यासारख्या दिसल्या.

“त्यांना सांगू नकोस,” त्या म्हणाल्या.

मला काही उत्तर द्यायची गरज पडली नाही. फौजदार माझ्या मागे दारात उभे होते. दातांचे डॉक्टर वगैरे काही नव्हतं. त्यांचा माझ्यावरही विश्वास नव्हता, म्हणून ते जिन्यात थांबले होते.

त्यांनी बाईंना उठवलं नाही. शेजारी स्टूल ओढून बसले, लपवलेला फोल्डर उघडला, आणि कापण्याआधीचं मुद्रण लावलं. हेडफोन लावायचं त्यांना सुचलं नाही, त्यामुळे मीही ऐकलं. बाईंचा तो ओळखीचा, ठाम आवाज. वाक्य निम्म्यावर आलं आणि थांबला. किती वेळ काहीच नाही. मग अगदी खालच्या आवाजात, “ते... ते आपलं... काय ते...” पुन्हा शांतता. मग शब्द सापडला, ‘वल्हं’, आणि वाक्य पुढे गेलं, जणू काही झालंच नाही. फौजदारांनी दुसरी फाइल लावली. तिसरी. सगळीकडे तेच. एका ठिकाणी त्या ‘पाणी’ शब्दावर अडल्या होत्या. वाचता येत होतं, डोळे चांगले होते, पण समोरचं अक्षर तोंडात यायला तयार नव्हतं.

“कधीपासून?” फौजदारांनी विचारलं.

“घरीसुद्धा होतं असं. तुमचं लक्ष कुलपांवर असतं.”

त्यांनी चालू असलेली फाइल थांबवली. मग त्यांनी विचारलं की ही स्क्रिप्ट कोणी लिहून दिली. आवाजात अजून थोडा फौजदार होता. त्यांना अजून कोणीतरी तिसरा हवा होता.

“तुम्हीच,” बाई म्हणाल्या. “शेंगा निवडताना विचारलं होतं, यंत्राला शांतता कशी कळते. मग एकदा विचारलं, कापलेलं जोडतात कसं. तुम्ही इतक्या आनंदाने सांगितलंत. मी फक्त एकाखाली एक लिहीत गेले.”

ज्या माणसाने चहाचा वास घेतल्याशिवाय घोट घेतला नाही, त्याने हे सगळं तोंडभरून सांगितलं होतं, आणि का विचारतेस असं एकदाही विचारलं नव्हतं. मला त्यांची दया आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बाईंना तपासून डॉक्टरांनी सांगितलं ते वाईटच होतं. शब्द हळूहळू कमी होत जातील, आणि कोणता कधी जाईल ते सांगता येणार नाही. या वेळी फौजदार दुसऱ्या डॉक्टरांकडे खात्री करायला गेले नाहीत. व्यवस्थापकांना त्यांनीच जाऊन सांगितलं. व्यवस्थापक चांगले निघाले म्हणा, किंवा त्यांना तोंडावर नाही म्हणवलं नाही म्हणा. ही कादंबरी पूर्ण होऊ दे, म्हणाले.

भांडण झालं ते ‘नीट कर’वरून. फौजदारांनी ती ओळ मेनूतून काढून टाकली. बाई चिडल्या. लोकांपुढे मी अशी अडखळत जाऊ का, तुमचं काय जातं, आवाज माझा आहे, असं बरंच बोलल्या. शेवटी रडल्या.

फौजदार म्हणाले, “कापलेलं ऐकत बसलो म्हणून मला काही कळलं नाही. आता तू थांबलीस तर मी तिथेच थांबणार. लोकांनाही थांबू दे.”

त्या दिवशी बाई घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या आणि काचेच्या आत बसल्या.

उरलेली प्रकरणं सावकाश झाली. शब्द अडला की फौजदार दुसऱ्या माइकवरून तो सांगायचे, आणि बाई मान हलवून पुढे जायच्या. ते सांगणंही मुद्रणात तसंच राहिलं. शेवटच्या प्रकरणाला मी टेबल सोडून आत येऊन बसले होते. वादळ ओसरलंय, म्हातारा राखणदार दिवा लावायला वर निघालाय. बाईंनी वाचलं, “त्याने भिंतीला टेकवलेली,” आणि थांबल्या.

शिडी. साधा शब्द. पुस्तकाची दुसरी प्रत माझ्या हातात होती. बाई काचेतून फौजदारांकडे बघत होत्या. ते सांगतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी माइककडे हात नेलाच नाही. मी तोंड उघडलं तर माझ्याकडे न बघता हाताने मला गप्प केलं. त्यांचा चेहरा मी आजवर इतका निवांत पाहिला नव्हता. खुर्चीत मागे टेकून, हात मांडीवर ठेवून, ते बायकोकडे बघत बसून राहिले. मला मात्र राहवत नव्हतं.

ती कादंबरी आमच्याकडून अजून सभासद नेतात. त्या जागेवर आले की त्यांचे फोन येतात. फाइल बिघडलीय का, मुद्रण तिथेच संपलंय का, बदलून मिळेल का. मी त्यांना सांगते, काही बिघडलेलं नाही. बंद करू नका, येतो तो शब्द.