पाशाभाईची जीभ आणि अक्कांचं फळ

आष्टीच्या बाजारात पाशाभाईच्या गाड्यावर 'फळ गोड आहे का' असं कुणी विचारत नसे. 'पाशाभाई, तुमी खाल्लंय का?' एवढंच विचारत. त्यानं मान हलवली की पिशवी पुढं व्हायची.

वडिलांच्या हाताखाली तो या धंद्यात आला त्याला पस्तीस वर्षं झाली होती. वडिलांनी लावलेली एक सवय त्यानं कधी मोडली नाही. नवी पेटी फोडली की पहिलं फळ आपण कापायचं, आपण खायचं, मगच गिऱ्हाईकाला हात लावू द्यायचा. जांब, मोसंबी, पपई, टरबूज, रामफळ, जे येईल ते. एखादी पेटी पटली नाही तर ती गाड्याखालीच राहायची, आणि कुणी मागितलीच तर तो स्वतःच सांगायचा, "हे खायला न्हाई चांगलं. दुसरं घ्या." चरवीतलं दूध बघून म्हैस कुणाची ते सांगणारी माणसं असतात, तसा पाशा. नुसत्या वासावरून डाळिंब कुठल्या पाण्याचं आहे ते सांगायचा. निदान लोक तसं म्हणायचे आणि तोही कधी नाही म्हणाला नाही.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली, तेव्हा पाशा बारा दिवस दवाखान्यात होता. जगतो की नाही अशी गत होती, पण जगला. घरी आल्यावर त्याच्या बायकोनं, जिनतनं, मोसंबी सोलून हातात दिली. फोड तोंडात टाकली आणि पाशा थांबला. रस होता, पण चव नव्हती. चावून चावून पाणी प्यावं तसं वाटत होतं. त्यानं सालीला नाक लावलं. तिलाही वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. महिना गेला, चार महिने गेले, वर्ष उलटलं. आली नाही.

पाशानं हे कुणालाच सांगितलं नाही. ज्याच्या जिभेवर अख्खा बाजार विसंबतो त्यानं जीभ गेली म्हणून कसं सांगायचं? तो पहिल्यासारखाच फळ कापायचा, फोड तोंडात टाकायचा, डोळे बारीक करून मान हलवायचा. टिचकीचा आवाज, देठाचा रंग, हातातलं वजन आणि पस्तीस वर्षांची आठवण यावर काम निभत होतं. एकदा मात्र सीताफळांचं एक क्रेट आतून आंबलं तरी त्याला पत्ता नाही. शेजारी चहाचा गाडा लावणारा बंकट म्हणाला, "पाशाभाई, दारूचा वास येऊलालाय बे. काय इकायलास?" पाशानं हसून क्रेट बाजूला ओढलं आणि सर्दी झाल्याचं सांगितलं. ती सर्दी मग पुढं बरेच दिवस चालली.

पुढच्या साली, थंडीच्या दिवसांत, बाजारच्या दिवशी वच्छलाबाई त्याच्या गाड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

वच्छलाबाईंना पाशा अक्का म्हणायचा. आष्टीपासून तासाभराच्या वाटेवर त्यांची वस्ती. ऐन उमेदीची बारा वर्षं नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली बाई. पुढं विहिरीला थोडं पाणी लागलं तेव्हा त्यांनी कोयता खुंटीला अडकवला तो कायमचा, आणि बांधावर झाडं लावायचा सपाटा लावला. दर हंगामात त्यांच्या बांधावरची सीताफळं पाशाच्या गाड्यावर यायची. त्या दिवशी मात्र सीताफळांचा हंगाम सरला होता आणि अक्कांच्या पिशवीत काही वेगळंच होतं.

त्यांनी गाड्यावर पाच फळं मांडली. मुठीएवढी, पिवळीधम्मक, बुडाशी निमुळती होऊन टोक आलेली. आंबा म्हणावं तर आंबा नाही, लिंबू म्हणावं तर लिंबू नाही.

"हे काय हाय, पाशाभाई?"

पाशानं एक उचललं, फिरवलं, नखानं साल खरवडली. "कुठून आणलं?"

"आणतीय कुठून. बांधावरच्या झाडाचं हाय. सात वर्सामागं टेंपोत रोपं इकणारा आलता, त्यानं चिकू म्हणून दिलं. पाणी घालून घालून वाढीवलं, आन् आता चिकूला हे लागलंय."

"खाल्लं का कुणी?"

"आमच्या ह्यांनी खाल्लं," अक्का म्हणाल्या. ह्यांनी म्हणजे धोंडीरामनी. "झाडावरचं तोडलं आन् तिथंच चावा घेतला. व्हटाला व्हट चिकटले. संध्याकाळपतोर धड बोलता येईना. वस्तीवरचे म्हणत्यात ईखारी हाय, तोडून टाका झाड. मी म्हणलं, आधी पाशाभाईला दाखविते. त्यांच्या जिभंला कळंल."

त्या जिभेला आता काहीच कळत नव्हतं. पण हात आपलं काम करत होते. त्यानं सुरी घेऊन एक फळ कापलं. आतही पिवळंच, घट्ट, आणि कापल्या जागी पांढरा चीक जमला. मधोमध तपकिरी, चकचकीत बी. चिकूचीच बी, पण खाऊनपिऊन चौपट झालेली.

"अक्का, टेंपोवाला अगदीच खोटं न्हाई बोलला. हे चिकूच्या भावकीतलंच दिसतंय. चीक हाय म्हणजे कच्चं हाय. चिकू तरी झाडावरचा कुठं खाता येतो? आढीत घाला. गव्हाच्या भुसकटात ठिवा, मऊ पडू द्या."

"आन् ईखारी असलं तर?"

"ते मातर आढीला कळत न्हाई," पाशा म्हणाला. "कुणातरी शिकलेल्याला इचारा."

अक्कांच्या बहिणीची लेक प्रियदर्शनी परभणीला शेतकी कॉलेजात शिकत होती. पाशानं कापलेल्या फळाचे, बीचे फोटो काढून तिला पाठवले, आणि अक्कांनी घरी गेल्यावर पानांचे, झाडाचे पाठवले. तिनं ते आपल्या सरांना दाखवले. दोन दिवसांनी तिचा फोन आला. फळ खायचंच आहे, विषारी नाही. परदेशातलं आहे, नाव कॅनिस्टेल. आपल्याकडं फार थोड्यांना माहीत. पूर्ण मऊ झाल्याशिवाय मात्र खाऊ नका. चव कशी असते, असं अक्कांनी विचारल्यावर ती म्हणाली, "मावशी, ते सरांनी पण खाल्लेलं नाही. तुम्हीच खाऊन सांगा म्हणालेत."

पुढच्या बाजारी अक्का फळं टोपलीत घालून, वर लुगड्याची घडी पांघरून घेऊन आल्या. या खेपेला धोंडीरामही बरोबर होते, पण टोपलीपासून चार हात लांब. फळं मऊ पडली होती, एकदोन देठाशी उललीही होती. बातमी आधीच पसरलेली. बंकटनं चहाचं भांडं उतरून ठेवलं. चारदोन गिऱ्हाइकं थांबली.

"पाशाभाईच खातील पयलं," अक्का म्हणाल्या. "मी वस्तीवर तसं सांगून आलीय."

पाशानं फळ कापलं. सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली. त्यानं एक फोड तोंडात टाकली आणि नेहमीसारखे डोळे बारीक केले.

सवयीनं त्यानं आठवणीत हात घातला, पण तिथं काही नव्हतं. मोसंबी खाताना मोसंबीची आठवण तरी मदतीला यायची. हे फळ त्यानं जन्मात खाल्लेलं नव्हतं. जिभेला एवढंच कळलं, की काहीतरी कोरडं, मऊ, भुगा होणारं तोंडात आहे आणि टाळूला चिकटतंय. गोड आहे की तुरट आहे की फळालाच चव नाही, त्याला काही म्हणता काही सांगता येईना. लोक बघत होते. मान हलवली असती तर भागलं असतं. पण अक्का त्याच्या तोंडाकडं अशा बघत होत्या, जणू सात वर्षं पाणी घातलेलं झाड राहणार की तुटणार हे त्याच्या एका शब्दावर आहे.

पाशानं घास गिळला आणि सुरी खाली ठेवली.

"अक्का, मला न्हाई कळत," तो म्हणाला.

"कावून? आवडलं न्हाई?"

"तसं न्हाई. मला कशाचीच चव कळत न्हाई. करोनापासून. दीड वर्स झालं. ना वास, ना चव. आजपतोर तुमाला जे सांगितलं ते समदं अंदाजानं."

बंकट हळूच म्हणाला, "तरीच ती सर्दी जाईना."

पाशा मान खाली घालून उभा होता. अक्कांनी टोपलीवरचं लुगडं नीट केलं. "मंग त्यात एवढं तोंड कावून पाडलंय? आमच्या ह्यांना पाच वर्सं झालं ऐकू येत न्हाई. ते काय लपवत्यात का? समद्या वस्तीला आरडून बोलायला लावत्यात."

धोंडीरामना हे ऐकू गेलं नाही. बाकीचे हसले आणि पाशालाही हसू आलं. दीड वर्षाचं ओझं एका हसण्यात उतरलं म्हणायला हरकत नाही.

"आणा इकडं," म्हणत अक्कांनीच एक फोड उचलली, नमस्कार केल्यासारखी कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. हळूहळू चावू लागल्या. "ग्वाड हाय. उकडलेलं रताळं असतंय ना, त्यात खवा कालवावा तसं. रताळ्याहून मऊ."

आता बंकटला धीर निघेना. त्यानंही एक फोड घेतली. "आरं, हा तर उकडल्या अंड्याचा बलक हाय. तसाच भुगा, तसाच चिकटतोय. साखर घातलेला बलक."

पाशा चमकला. "आगदी. मला तेच वाटलं. चव न्हाई कळली, पण तोंडात तसंच झालं."

अक्कांचं चावणं थांबलं होतं. गळ्यात तुळशीची माळ, जन्मात अंड्याला हात लावलेला नाही, आणि तोंडात अर्धा घास. त्या सगळ्यांकडं आळीपाळीनं बघू लागल्या. घास आत नेता येईना, बाहेर काढता येईना.

बंकटच ओशाळला. "अक्का, मी आपलं उगंच म्हणलं."

अक्कांनी क्षणभर विचार केला, घास गिळला आणि तोंड पुसलं. "झाडाला लागलंय ते फळ. माळंला फळ चालतंय. कशावानी लागतंय ते माळ इचारीत न्हाई," त्या म्हणाल्या आणि दुसरी फोड उचलली. ते बघून धोंडीराम पुढं आले. त्यांनी एक फोड आधी ओठाला लावून पाहिली, चिकटत नाही अशी खात्री केली, आणि मग उरलेलं अर्धं फळ एकट्यानं संपवलं.

टोपली तासाभरात रिकामी झाली. काहींना आवडलं, काहींनी नाक मुरडलं, एकजण म्हणाला की बेसनाच्या लाडवात पाणी पडल्यावर असं लागतं. पण झाड तोडायचं नाव पुन्हा वस्तीवर कुणी काढलं नाही.

संध्याकाळी घरी जाऊन पाशानं जिनतला सगळं सांगितलं. ती ऐकून हबकेल, डोळ्याला पदर लावेल, असं त्याला वाटलं होतं. ती शांतपणे पीठ मळत राहिली.

"मेरे कू मालूम था," ती म्हणाली.

"कैसा मालूम?"

"आठ दिन सालन में नमक नै डाली थी मैं. तुम एक लफ्ज नै बोले. पैले तो चुटकी कम हुई तो थाली सरका देते थे."

"तो बोली कायकू नै?"

"तुम छुपा रहे थे, तो मैं बी छुपाई."

त्या दिवसापासून पाशाचा धंदा बदलला. आता तो स्वतः खाऊन मान हलवत नाही. फोड कापून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, "तुमीच सांगा." लोकांना ते भलतंच आवडलं. ज्यांनी आयुष्यात कधी पपईविषयी तीन शब्द उच्चारले नव्हते ते आता गाड्यासमोर उभे राहून, ही मागल्या खेपेपेक्षा पानचट आहे, मध्ये गोड आणि सालीकडं कडसर आहे, असं सांगतात. शाळेतून घरी निघालेल्या सत्यशीला मॅडम तर रोज थांबतात. त्यांचं म्हणणं पाशा इतकं मनावर घेतो, की त्या नाही म्हणाल्या तर पेटी गाड्याखाली जाते.

चव परत आली, पण एका दिवसात नाही. आधी आंबट कळायला लागलं. चिंच तोंडात धरल्यावर जबड्याला झिणझिण्या आल्या आणि पाशा भर बाजारात चिंच चोखत फिरला. मग तिखट, मग थोडं गोड. वास अजूनही धड नाही. कधी येतो, कधी नाही. कॉफीला त्याला जळक्या रबराचा वास येतो, म्हणून तो चहावर खूष आहे आणि बंकटही.

पुढल्या थंडीत अक्कांच्या झाडाला चांगली पाचसहा टोपल्या फळं लागली. बाजारात तोवर त्याची दोन नावं पडली होती. माळकरी मंडळी त्याला रताळफळ म्हणत, बाकीचे अंडाफळ. दोन्ही नावांची गिऱ्हाइकं वेगळी, फळ एकच. पहिली टोपली उतरवून अक्का गाड्याला टेकून उभ्या राहिल्या. पाशानं एक कापलं, फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिला.

"कळतंय का काई?" अक्कांनी विचारलं.

"कळतंय." त्यानं दुसरी फोड घेतली. "पण अक्का, ह्याला रताळं म्हणणारा बी चुकला आन् बलक म्हणणारा बी चुकला."

"मंग कशावानी लागतंय?"

"तेच बघायलोय," पाशा म्हणाला आणि तिसरी फोड कापली. समोर सत्यशीला मॅडम तळहात पुढं करून केव्हाच्या उभ्या होत्या. त्यांना त्यानं डोळ्यांनीच थांबायला सांगितलं.