परत येण्याचा सराव

पहिल्यांदा व्हिसा नाकारला त्या दिवशी माझा मुलगा घरी आला आणि सरळ बाथरूममध्ये शिरला. मी बाहेरून हाक मारली. "आलो गं," एवढंच. बाहेर आला तो लाल डोळे घेऊन, आणि वर मलाच सांगतो, "साबण गेला डोळ्यात." मी म्हटलं, "बरं." एवढ्या वाढलेल्या घोड्याला अजून काय म्हणणार?

अमेरिकेतल्या एका विद्यापीठात त्याला प्रवेश मिळालेला. परीक्षा, मार्कशीटांवरचे शिक्के, प्राध्यापकांच्या मागे मागे फिरून मिळवलेली शिफारसपत्रं, या सगळ्यात आम्ही दोघं वर्षभर नुसते पळत होतो. दोघं म्हणजे दोघंच. हा आठवीत असताना त्याचे बाबा गेले. तेव्हापासून वर्तकनगरच्या घरात तो, मी आणि टीव्ही. आणि एवढं करून अगदी तोंडाशी आलेला घास गेला.

"विचारलं काय तुला?" मी जेवताना म्हटलं.

"घरी कोण असतं विचारलं. आई असते म्हटलं. मग विचारलं, शिक्षण झाल्यावर परत येणार का."

"मग?"

"मग मी जरा गप्प झालो."

"गप्प झालास? तिथे गप्प व्हायला गेलेलास?" माझा आवाज चढला. महापालिकेच्या शाळेत उभा जन्म गणित शिकवलंय, आवाज लगेच चढतो.

"अगं, म्हटलं खरं ते सांगावं. आणि खरं काय तेच कळेना." त्याने ताटात बोट फिरवलं. त्या वाक्याचं मला काय झालं ते मी त्याला दाखवलं नाही. भात वाढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नौपाड्यातल्या त्याच्या व्हिसा कन्सल्टंटकडे गेलो. समोर बसलेली मुलगी माझ्या मुलाहून लहान असेल. तिने झालेलं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काकू, तुमची केस खरं तर एकदम स्ट्राँग आहे! वडील नाहीत, हा एकुलता एक, आई एकटी राहणार. आणि यातलं याने काही सांगितलंच नाही! ऑफिसरला पटलं पाहिजे की हा मुलगा आईसाठी परत येणारच." भाजीवाली ताजी मेथी दाखवते तशा उत्साहाने बोलत होती ती. मी मान हलवत राहिले. माझं एकटं असणं कुणाच्या कामाला येईल असं मला आजवर वाटलं नव्हतं.

रिक्षात मी त्याला सांगून टाकलं. पुन्हा तारीख मिळेल तोवर सराव मी घेणार.

आमच्याकडे स्वयंपाकघर आणि हॉलच्या मध्ये एक खिडकी आहे, ताटं द्यायला केलेली. वकिलातीत ऑफिसर काचेपलीकडे बसतो आणि मुलं उभी राहून उत्तरं देतात, असं त्यानेच मला सांगितलेलं. मग काय, संध्याकाळी शाळेतून आले की कुकर लावायचा, स्टूल ओढून खिडकीत बसायचं, चष्मा नाकावर खाली घ्यायचा. तो हॉलमध्ये उभा. सराव इंग्रजीत. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण प्रश्न विचारायला पुरायचं.

"विल यू कम बॅक?"

"येस, ऑफ कोर्स."

"हे कसलं येस? शेजारीण चहा घेतोस का म्हणाली तर बोलतोस तसं. आईचं सांग."

"माय मदर इज अलोन."

"खाली काय बघतोस? लादीला व्हिसा पाहिजे का? माझ्याकडे बघ. आणि बीपीचं सांग."

"तुला कुठे बीपी आहे?"

"तू गेल्यावर होईल. सांग!"

तो फिसकन हसायचा, मग मीही. तिकडे कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या आणि डाळीचा लगदा व्हायचा. एकदा मात्र तो मध्येच थांबला. म्हणाला, "नाही जमत गं मला. तुझ्या नावाने भीक मागितल्यासारखं वाटतं."

"मग माग," मी म्हटलं. "मी देतेय ना?"

हळूहळू जमायला लागलं. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे किंचित हसायचं, सगळं मी बसवून घेतलं. आणि एका संध्याकाळी तो सलग बोलून गेला. बाबांनंतर आईने मला एकटीने वाढवलं. माझ्याशिवाय तिला कुणी नाही. ती कधी तक्रार करत नाही, पण मला यायला उशीर झाला तर जेवायची थांबते, आणि मी विचारलं तर भूकच नव्हती म्हणते. शिक्षण झालं की मी घरी येणार, कारण घरी ती आहे.

जेवायचं ते मी शिकवलं नव्हतं. याला माहीत होतं तर!

"हे कुठून आणलंस?" मी विचारलं.

"सुचलं बोलता बोलता. इफेक्ट येतो ना?"

"येतो," मी म्हटलं, आणि कुकर बघायचं निमित्त करून वळले. ओट्याकडे तोंड करून रडले. माझ्याबद्दल इतकं सगळं कुणी कित्येक वर्षांत बोललं नव्हतं. मुलगा बोलला तेही तिऱ्हाइताला सांगायचं म्हणून, पण ऐकायला गोड लागलं, काय करू? पुढे त्याचं उत्तर अगदी पाठ झालं तरी मी रोज तोच प्रश्न शेवटी विचारायची. "अगं झालंय ते," तो वैतागायचा. "उजळणी," मी म्हणायची.

दुसऱ्या मुलाखतीच्या दिवशी मी शाळेत होते. मधल्या सुट्टीत त्याचा फोन आला. "आई, झालं! मिळाला!" मी स्टाफरूममध्ये ओरडलेच. बायका जमल्या, हातातले डबे तसेच घेऊन. जरा शांत झाल्यावर मी व्हरांड्यात जाऊन त्याला विचारलं, "काय काय विचारलं?"

"विद्यापीठ कुठलं, विषय कुठला, खर्च कसा करणार. बस."

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"परत येणार का, ते."

"छे गं! तिथपर्यंत गेलाच नाही तो." खदखदून हसला. "तुझी सगळी मेहनत फुकट!"

मीही हसले. येताना पेढे घेतले, सगळ्या मजल्यांवर वाटले. लोक म्हणत होते, नशीब काढलंत. मी म्हणत होते, हो ना.

जायच्या आदल्या दुपारी तो हॉलमध्ये बॅगेवर गुडघा देऊन चेन ओढत होता. मसाल्याच्या डब्यांनी बॅग फुगलेली. मी दुसऱ्या बाजूने दाबत होते. आमची डोकी अगदी जवळ आलेली. चष्मा वगैरे काही नाही, खिडकी नाही, मराठीत, हळूच, मी विचारलं, "खरंच येशील ना रे परत?"

त्याने चेन सोडली. मान वर केली, थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. आवाज जरा खाली आला. "अगं, शिक्षण झालं की येणारच. घरी तू आहेस ना." आणि किंचित हसला.

कुठे अडखळला नाही, कुठे नजर हलली नाही. सगळं मी बसवून घेतलेलं, जागच्या जागी. मला विश्वास ठेवायचा होता, अगदी मनापासून ठेवायचा होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हटलं, "छान," आणि बॅग पुन्हा दाबून धरली. त्याला खरं काय ते विचारायला माझ्याकडे आता दुसरा प्रश्न नव्हता.