पद्माकरची आई

कल्पना करा, एका कोवळ्या पोराला लढाईवर धाडायचं काम तुमच्याकडे आलंय. कागदावरच, पण त्यासाठीही त्याला आई द्यावी लागते, बाप द्यावा लागतो. घरात त्याला कुणी रागावायचं आणि कुणी पाठीशी घालायचं, हे ठरवल्याशिवाय तो खंदकात टिकेल की पळेल, सांगता येत नाही.

स्टुटगार्टमध्ये गुरुदत्त कितीतरी वर्षं हेच करत होता. आठवडाभर इंधनपंपांच्या झडपांची डिझाइन आणि शनिवारी युद्धकादंबरी. झडप फुटली की कारणांचा माग काढत मागे मागे जायची त्याला सवय. नायकाच्या, म्हणजे पद्माकरच्या, धैर्याचं मूळही त्याने असंच शोधलं होतं : करडा बाप, म्हणून शिस्त, शिस्त, म्हणून हिंमत. तरुणपणी त्याला स्वतःला सैन्यात जायचं होतं. वडील म्हणाले, "आधी इंजिनिअर हो," आणि विषय मिटला. राहिलेली हौस पद्माकर भागवत होता.

रविवारी तो नवं प्रकरण मुलाला, वेदांगला, वाचून दाखवी. पोराच्या कानावर मराठी पडावं, एवढाच हेतू. वेदांग मन लावून ऐके आणि प्रश्न मात्र जर्मनमध्ये विचारी. ओळखीच्यांची मुलं बडबडगीतं ऐकून मराठी शिकली. हा तोफा ऐकून शिकला.

२००७ साली वेदांगचं अठरावं सरलं. पासपोर्ट जर्मन, तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेआधीच्या तपासणीचं, मुस्टरुंगचं, बोलावणं आलं. घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नकार कळवला की त्याऐवजी वृद्धाश्रमात काम करता येई. शेजारच्या मुलाने तेच केलं होतं.

जेवताना वेदांग जर्मनमध्ये म्हणाला, "मी नकार देणार नाही. उलट मुदत वाढवून घेईन."

मुदत वाढवून घेणाऱ्याला परदेशातल्या मोहिमेवर पाठवता येई. अफगाणिस्तानच्या बातम्या तर रोजच लागत.

"खोलीत कोळी निघाला की मला हाका मारतोस," त्याची आई सुनेत्रा म्हणाली, "आणि निघाला लढायला!"

वेदांग हसला नाही. अडखळत, पण चक्क मराठीत म्हणाला, "घर पाठीवर घ्यायचं, पायांत अडकू द्यायचं नाही."

गुरुदत्तच्या हातातला घास हातातच राहिला. वाक्य पद्माकरचं होतं.

"ऐकलंत ना, अहो?" सुनेत्रा म्हणाली. "आता निस्तरा."

चूक सापडली की आराखडा बदलायचा, एवढं गुरुदत्तला येत होतं. पद्माकर लढाईवर निघतो ते प्रकरण त्याने पुन्हा लिहिलं. आता पद्माकर स्टेशनवरूनच घरी परतला. रविवारी त्याने ते वेदांगला वाचून दाखवलं.

"नाइन, नाही बाबा. हा पद्माकर नाही. तू घाबरलास, म्हणून तो परत आला."

"मी कशाला घाबरू? त्याच्या आईचा जीव राहीना."

"असं कुठे लिहिलंयस?"

स्वयंपाकघरातून सुनेत्राचा आवाज आला, "ती बाई बोलते तरी का हो कधी? मुलाच्या हातावर दही घालते, डोळ्याला पदर लावते. झालं तिचं काम!"

गुरुदत्तने सगळी पानं चाळली. बापाच्या तोंडी पानंच्या पानं उपदेश होता. आईच्या तोंडी एक शब्द नव्हता. त्या दुपारी त्याने तिच्यासाठी वाक्यं लिहिली आणि खोडली. प्रत्येक वाक्य बापाच्याच आवाजात येत होतं.

मुस्टरुंगच्या सकाळी सुनेत्राने वेदांगच्या तळहातावर चमचाभर दही घातलं. परीक्षेला निघतानाही घालायची, तसंच. त्याने ते चाटलं, बूट चढवले आणि दारात थबकला.

"बाबा, पद्माकरच्या आईने दही दिलं, म्हणजे तिने त्याला जा म्हटलं होतं?"

गुरुदत्तने सुनेत्राकडे पाहिलं. ती चमचा घेऊन आत निघून गेली होती. पोराची एस-बान लोकल चुकली असती. तो उत्तराची वाट न पाहता जिना उतरला.

आत नळ सुरू होता. तो एकच चमचा ती पुन्हा पुन्हा धूत होती. गुरुदत्त ओट्याशी जाऊन उभा राहिला.

"सुनेत्रा, मला खरंच कळत नाही गं. दही घालताना मनात काय म्हणालीस तू?"