रिलिव्हर आला व्हय?

आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. दुपारी आम्ही चौघे मित्र तळवड्याला संत्याच्या शेतात आंब्याखाली पडलो होतो. बेत एवढाच, कलिंगड खायचं आणि पत्ते कुटायचे. दुसऱ्याच डावाला संत्या पत्ते हातात धरून झोपला.

"भावा, पान टाक की!" म्हणत मी त्याला हलवलं.

डोळे न उघडताच म्हणतो, "रिलिव्हर आला व्हय?"

पुढच्या शिफ्टचा माणूस आल्याशिवाय आम्हाला मशीन सोडता येत नाही, राव. आधी पोट धरून हसलो. मग मी त्याच्या कानाशी वाकलो.

"आला रे. झोप तू," म्हणालो आणि त्याचे पत्ते हळूच काढून घेतले.

तुम्हाला शेवटचं कुणी कधी म्हणालं, "झोप, मी बघतो"?