कुरुंद्याच्या शाळेतला पांढरा चौकोन

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी आखाडा बाळापूरच्या बाजारात पत्रकं वाटत होते. उरलेली पत्रकं छातीशी धरून तिथंच एका ओट्यावर बसले... त्याला आता महिना होऊन गेला.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. कुरुंद्यासारख्या हळदीच्या गावात जन्मली आणि पुढं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवू लागली. सुट्टी लागली की कोकणातल्या बंदरावर जायची आणि बांगडा माशांच्या पोटातले जंत अल्कोहोलच्या बाटल्यांत भरून आणायची. चळवळीची पत्रकं छापणारे वडील चिडवायचे, "आमी समुद्र न्हाई पाहिला, अन् तू माशाच्या आतड्यात काय पाहून राहिली?" ती म्हणायची, "तू पत्रकं छाप. लोकांच्या पोटाचंच पाहून राहिलो ना दोघं बी?"

एका जंताची शेपटी तिला निराळी दिसली. ही नवी प्रजाती असेल, तिला कुरुंद्याचं नाव देऊ, असं ती बोलून गेली आणि वडिलांनी ते गावभर केलं. फेटा बांधून सत्कार झाला. शाळेच्या भिंतीवर जंताचं चित्र आणि नाव रंगलं. लेख नियतकालिकाला पाठवून झाला होता, पण नुसत्या शेपटीवर आत्याचा भरवसा बसेना. तिनं जंताची जनुकीय तपासणी करून घेतली. जनुकं आधीच ठाऊक असलेल्या एका जंताशी जुळली. शेपटीतला फरक फक्त वाढीच्या टप्प्याचा होता. ज्या शोधाची तिनं अर्धं आयुष्य वाट पाहिली, तो संपला.

तिनं लेख मागं घेतला आणि चुन्याची बादली घेऊन शाळा गाठली. सरपंच धावत आले.

"मॅडम, काहून पुसून राहिल्या? इथं कोण तपासाया येणार हाय?"

"लेकरं रोज वाचतात ना हे?" आत्याचा हात थांबला नाही.

"मंग गावाचं नाव गेलंच म्हणा की!"

"गेलं न्हाई, दादा. बराबर झालं."

सरपंचांनी हात पुढं केला. मग म्हणाले, "द्या तो कुंचला. वरचं तुमच्या हाताला यायचं न्हाई."

चूक कबूल करा, अशा घोषणा मी मोठमोठ्यांच्या दारात दिल्यात. कुणी न मागता आपली चूक चारचौघांत पुसणारं माणूस मात्र माझ्याच घरात होतं. मला तिचा अभिमान आहे, आणि तो मी हळू आवाजात सांगणार नाही.

परवा मुख्याध्यापकांनी विचारलं, त्या जागी आत्याचं नाव रंगवू का? मी जाऊन पाहिलं. चुन्याला पोपडे आलेत, तरी तिनं पांढरा केलेला चौकोन भिंतीहून उजळ दिसतो...

"नको सर," मी म्हटलं. "तिनं लिहिलंय तेच राहू द्या."