एदमों कासान्यादची पांढरी खडी

धुक्याचा पडदा हळूहळू वर सरकतो. आधी दोन रबरी बूट दिसतात, मग मातीने माखलेली पाटलोण, मग जिथे पोट दिसायला हवं तिथे डोकं, कारण माणूस ओणवा आहे. आणि सगळ्यात वर त्याची भलीथोरली पाठ. दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या झाडांच्या विंगा. मधोमध पांढऱ्या खडीची वाट, नजर पोचेल तिथवर सरळ. बराच वेळ काही घडत नाही. मग तो माणूस खडीतला एक दगड उचलतो, उलटा करतो, पुन्हा तिथेच ठेवतो आणि बुटाच्या टाचेने दाबतो. आता बरा बसला.

हा एदमों कासान्याद, सँ-बर्नूल गावचा रस्तेकामगार. वय एकसष्ट.

या वाटेवरून पूर्वी तंबाखूची आणि अक्रोडांची मालगाडी जायची. बावीस वर्षांपूर्वी रूळ उखडले, तेव्हा गावचा मेयर रेमों दलपेश त्याला म्हणाला होता, "इथे सायकलवाल्यांसाठी वाट करायची आहे. आठ किलोमीटर, एकही मोटार नाही. तुला सायकल येते ना?"

"आमचं घर सायकलवर वाढलंय," एदमों म्हणाला.

घर वाढलं होतं. आई, वडील, तिघे भाऊ, जाडजूड आजीसुद्धा. एदमों मात्र सातव्या वर्षी थोरल्या भावाची सायकल घेऊन उतारावरून निघाला तो थेट गोठ्यामागच्या शेणखताच्या खड्ड्यात गेला, गळ्यापर्यंत. आईने त्याला विहिरीवर उभा करून तीनदा धुतला. त्या दिवसापासून त्याने सायकलीवर टांग मारली नाही. आता गावात एकट्या बायकोला, जिनेतला, हे ठाऊक होतं, आणि तिने ते पोटात ठेवलं होतं.

पण वाट अशी केली की ज्याचं नाव ते. खाली जाड खडी, वर बारीक, त्यावर खाणीतला पांढरा मुरूम. मधे किंचित उंच, कडेला उतरती, म्हणजे पाणी थांबायला नको. सगळं पायांनी जोखायचं. बुटाखाली नुसतं कुरकुरलं तर ठीक. दगड सरकल्याचा आवाज आला, की दाताळं खाली टेकलंच. लांबून आलेले सायकलवाले थांबून त्याला विचारायचे, "काका, या वाटेला टायरमध्ये हवा किती ठेवावी?" एदमों डोळे बारीक करून वाटेकडे पाहायचा. "तुम्हाला वाटते त्यापेक्षा थोडी कमी." हे त्याने दुसऱ्या एका सायकलवाल्याच्या तोंडून ऐकलं होतं. लोक वहीत लिहून घ्यायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, अक्रोड पडायच्या दिवसांत, रेमों कागद नाचवत आला.

"जिल्ह्याचं रस्ते खातं तुझ्या वाटेवर डांबर टाकतंय."

एदमोंच्या हातातलं दाताळं तसंच राहिलं. "का? कुणाची तक्रार आहे?"

"तक्रार नाही. खडी राखायला माणूस लागतो, डांबराला लागत नाही. आणि तू पुढच्या वर्षी निवृत्त. गुरुवारी इंजिनियरबाई येतायत बघायला. मादाम साबातिए. पक्क्या सायकलवाल्या आहेत म्हणे. तू त्यांच्याबरोबर सायकलवरून शेवटपर्यंत जायचंस आणि खडी कशी उत्तम ते पटवायचंस. त्यांचा शेरा, तोच निकाल."

"मी सायकलवरून?"

"मग काय घोड्यावरून? तू नाही तर कोण? तुझं घर सायकलवर वाढलंय."

त्या दुपारी एदमोंने सूप तसंच ठेवलं. जिनेतने एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"सांगून टाक रेमोंला."

"बावीस वर्षांनी? उद्या तंबाखूच्या दुकानात लोक मला शेणखताचा वास येतो म्हणतील."

"मग चार दिवसांत शीक."

"एकसष्टाव्या वर्षी?"

"मग एक कर," जिनेत शांतपणे म्हणाली. "तिला पुढे जाऊ दे. तू सायकल हातात धरून मागून चालत ये. वाटेत आधी लेओनीचं घर, मग त्या दोघा शेळीवाल्या भावांचं शेत. त्यांनी आजवर कुणाला उभ्याउभ्या सोडलंय? ती तिथून सुटेपर्यंत तू चार वेळा पोचशील."

सायकल मेहुण्याकडून, आर्मांकडून आणली. ती पोटमाळ्यावर कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यामागे होती. आर्मां सांगायला लागला, "अरे, पण तिचं जरा..."

"मला चालवायची नाही, धरायची आहे," एदमों म्हणाला आणि निघाला. घरी त्याने हँडल पुसलं, हवा भरली, घंटी तीनदा वाजवून पाहिली. सायकलीचं आणखी काही बघायचं असतं हे त्याच्या गावीही नव्हतं. मग शोभा म्हणून म्हणा, सवय म्हणून म्हणा, दाताळं आडवं बांधलं आणि एका अंगाला जेवणाची मोठी पिशवी लटकवली.

गुरुवारी साडेनऊला मादाम साबातिए आल्या. पन्नाशीच्या, काटक, पायांच्या पोटऱ्या दगडी. हस्तांदोलन झालं.

"तुम्ही व्हा पुढे," एदमों म्हणाला. "मी मागून येतो. मागून खडीचा आवाज नीट ऐकू येतो."

"तुमची पद्धत मोठी शास्त्रीय आहे," बाई म्हणाल्या, आणि गेल्या. सकाळच्या धुक्यात त्यांची पाठ दिसेनाशी झाली आणि एदमोंने सायकल धरून अशी काही धूम ठोकली की झाडावरचे कावळे उडाले.

लेओनी, फाटकवाल्याची विधवा, रेल्वेच्या जुन्या घरात राहायची. बाई तिच्या दारावरून जात होत्या, ते तिने अर्थातच चालू दिलं नाही. एदमों धापा टाकत पोचला तेव्हा बाईंच्या पुढ्यात अक्रोडाचा केक आणि अक्रोडाच्या वाइनचा दुसरा पेला होता.

"इतका उशीर?" बाईंनी विचारलं.

"चेन पडली," एदमों म्हणाला. सायकल त्याने कुंपणाबाहेर टेकवली होती.

"बस की," लेओनी म्हणाली. "तोंड बघ, उकडलेल्या बीटासारखं झालंय. सायकल चालवतोस की ओढतोस?"

एदमोंला ठसका लागला. लेओनी त्याच्या पाठीत थापट्या मारत बाईंना आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्यापासून सांगू लागली. पाऊण तास गेला. मग पुन्हा बाई पुढे, एदमों मागे.

शेळ्यांच्या शेतावर दोघा भावांनी बाईंना नऊ प्रकारचं चीज चाखायला लावलं. नवव्यावर दोघांचं भांडण जुंपलं, कुठलं जास्त मुरलंय म्हणून, आणि निवाडा बाईंनी करायचा ठरला. निवाडा व्हायला आणि एदमों पोचायला एकच गाठ पडली.

"पुन्हा चेन?" बाई म्हणाल्या.

"जुनी झालीय."

"पण तुमचे हात अगदी स्वच्छ आहेत."

एदमोंने हातांकडे पाहिलं. नट संवाद विसरला की प्रेक्षकांकडे बघतो, तसं त्याने शेळीवाल्यांतल्या थोरल्याकडे पाहिलं. "गवताला पुसतो," तो म्हणाला.

बाराला पाच मिनिटं कमी असताना तो शेवटच्या जुन्या स्टेशनावर पोचला. अंगातला सदरा पिळला असता तर बादली भरली असती. बाई पायरीवर बसून वहीत लिहीत होत्या.

"तिसऱ्यांदा?"

एदमोंने धापा टाकत होकारार्थी मान हलवली.

"आणा इकडे. बघवत नाही मला. मी बसवून देते."

"राहू द्या मादाम, तुमचे हात..."

"माझे हात तीस वर्षं काळेच आहेत." त्या गुडघ्यावर बसल्या, जेवणाची पिशवी बाजूला केली आणि बघतच राहिल्या. मग मागच्या चाकाभोवती एक फेरी मारली.

"कासान्याद," त्या म्हणाल्या, "या सायकलीला चेनच नाही."

एदमों वाकला. खरंच नव्हती. आर्मांने ती कधीच काढून गोठ्याच्या दाराला अडकवली होती. एदमोंने आयुष्यात पहिल्यांदा सायकलीची चेन कुठे असते ते पाहिलं, म्हणजे ती नसलेली जागा पाहिली.

मग तो पायरीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. उतार, खड्डा, विहीर, तीनदा धुणं, रेमों, बावीस वर्षं. बाई आधी हसल्या, मग अक्रोडाच्या वाइनसकट जोरात हसल्या, डोळे पुसले, आणि मग थांबल्या.

"न बसता तुम्हाला कळतं कसं, वाट कुठे बिघडलीय?"

"चालतो ना रोज. जाऊन येऊन सोळा किलोमीटर. पाय सांगतात." त्याने वाटेकडे बोट केलं. "मादाम, मला हसा, मेयरला सांगा, गावाला सांगा. पण डांबर नको. खडीवर मोटार येत नाही, रंग उडतो म्हणून. डांबर टाकलंत की दुसऱ्या दिवशी पोस्टाची गाडी येईल, तिच्यामागे खाटकाची, त्याच्यामागे सगळे. मग ही वाट कशाला? मोठा रस्ता आहेच की तिकडे."

बाई उठल्या. थोडं अंतर वाटेवर चालत गेल्या, पायात ते कडक तळाचे सायकलीचे बूट, बदकासारख्या. मधेच थांबल्या, टाच दाबून पाहिली, पुढे गेल्या. एदमों श्वास रोखून त्या पावलांचा आवाज ऐकत होता. नुसतं कुरकुरत होतं.

परत येऊन त्यांनी वहीत दोन ओळी खोडल्या आणि एक लिहिली.

"खडी राहील," त्या म्हणाल्या. "तुमच्यानंतर माणूस द्यायचा, असंही लिहिलंय; वर्षभर तो तुमच्या हाताखाली शिकेल. पण माझी एक अट आहे. पुढच्या सप्टेंबरात मी येणार, आणि तुम्ही माझ्या पुढे असणार. सायकलवर. चेन असलेल्या."

एदमोंने आठ किलोमीटर मागे, आपल्या पांढऱ्या वाटेकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मग रुमालाने मान पुसली आणि म्हणाला:

"शिकेन मी, मादाम. पण तिकडे, नांगरलेल्या शेतात. इथे पडलो तर खडी विस्कटेल."